दीड इंच

दस्तगीर मिस्त्रीनं शिंप्याची टेप काढली
आणि बंदुकीच्या आधी माझा हात मोजला,
कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंत.
"बापाचा हात लांब होता गे तुझ्या.
दस्ता दीड इंच उतरवू या,
नाहीतर पहिल्याच बाराला खांदा निळा होईल."

अकरा महिने ती खानापूरच्या ठाण्यात होती.
बाबांच्या दहाव्यालाच नेऊन दिली होती मी.
मग वारसाचा अर्ज. बेळगावला डीसी ऑफिसच्या फेऱ्या,
जांबोटीहून पहिली गाडी, परतायला शेवटची.
अर्ज कानडीत, मी मराठीत,
कारकून दोन्हीच्या मधे चहा पीत.
शेवटी हवालदार म्हणाला, "इल्ली सही माडी, अक्का,"
आणि गोणपाटात गुंडाळलेली एकनळी
माझ्या मांडीवर आली, एखाद्या आजारी माणसासारखी.

"नवी घेऊ का?" मी विचारलं.
मिस्त्रीनं नळी उघडून खिडकीकडं धरली.
"ये, बघ. आत उजेडाची वर्तुळं दिसतात?
एकात एक, पाण्यात खडा टाकल्यागत?
एखादं जरी मोडलेलं दिसलं, तर तिथं पोचा आहे,
मग फुकट दिली तरी घेऊ नये.
हिची सगळी गोल आहेत.
नवीचे पैसे कुंपणाला घाल."

करवत चालली. अक्रोडाचा भुसा पडला,
आतून अजून लालसर, बाहेरून घामानं काळा.
मागं रबराची गादी बसवली, स्क्रू पिळले,
आणि कापलेला तुकडा रद्दीत न टाकता
माझ्या हातात दिला.
मधोमध बोल्टाचं आरपार भोक. "असू दे," म्हणाला.

पैसे घेताना बोलत राहिला, माझ्याकडं न बघता.
लोखंडी कपाट. भिंतीला आतून बोल्ट.
काडतुसं तिथं नाहीत, दुसऱ्या खोलीत, दुसरं कुलूप.
घरात येताना नळी उघडी, दोनदा बघायचं,
एकदा डोळ्यानं, एकदा करंगळीनं.
तेल थोडं. कापडी पिशवीत ठेवून विसरायचं नाही, गंजते,
तुमच्याकडं तर भिंतींना शेवाळ येतं.
"आणि किल्ली?" मी विचारलं.
तेव्हा त्यानं वर बघितलं.
"घरात किती माणसं?"
मी, आई, भाऊ, भावाची दोन पोरं.
"मग ती जागा मलाही सांगू नकोस."

भाताला लोंब्या आल्या की गवे उतरतात.
मी माळ्यावरून आभाळात एक बार काढते,
डोंगर तो तीनदा परत देतो,
आणि खाली काळोख मोडत मोडत जातो.
खांदा दुखत नाही. मिस्त्रीचं माप बरोबर होतं.

परवा इर्लेकरांनी बांध कोरला, हातभर.
रात्री अकराला नागेंद्र आला, अंगाला वास,
चप्पल एकच पायात.
"किल्ली दे."
मी म्हटलं, हरवली.
त्यानं कपाट हलवलं. कपाट हललं नाही.
देव्हारा उपसला, तांदळाचा डबा पालथा केला,
आईची उशी फाडली.
तांदळात गुडघे टेकून ती नुसती बघत होती.
पोरं पांघरुणात जागी होती, मला कळत होतं.

मग तो गोठ्याच्या दारात जाऊन बसला
आणि दारामागची लाकडी अडसर पायानं ढकलत,
पुन्हा ओढत, ढकलत, ओढत,
रडत रडत झोपला.

तीच ती. बाबांच्या दस्त्याचा तुकडा.
भोकात किल्ली, वर मेण, मेणावर शेण.

पहाटे मी ती त्याच्या टाचेखालून हळूच काढली.
लाकूड कोमट होतं.
आई तांदूळ निवडत होती, त्यात उशीचा कापूस.
काही विचारलं नाही तिनं.
म्हणाली, चहा टाक. त्यालाही टाक.